मॉडिफाय केलेला पिकअप विकलाय का कुणी? अनुभव सांगा

माझी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप विकायला काढलीय. लिफ्ट किट (गाडी उंच करणारं), ३३ इंची मड-टेरेन (चिखलातले) टायर, स्नॉर्कल (इंजिनासाठी छतापाशी हवा घेणारी नळी), पुढे लोखंडी बंपर नि विंच (अडकलेली गाडी ओढणारी मोटर), मागे कॅनॉपी (हौद्यावरचं झाकण). नव्या सोसायटीत एकावर एक गाड्या ठेवायचं स्टॅक पार्किंग आहे, त्यात ती मावत नाही. बघायला येणारे गाडीला टेकून फोटो काढतात, विंचचा रिमोट मागतात आणि जाताना साध्या गाडीचा भाव सांगतात. मुंबईत अशी गाडी ज्यांनी विकली, त्यांनी काय उतरवलं, काय ठेवलं, कागदपत्रांचं काय झालं, ते लिहा.

बोरिवलीहून : कंपनीचे टायर, स्प्रिंगा आणि बंपर जपून ठेवले असतील तर अर्धी लढाई जिंकलात. मी थार मूळ रूपात आणली. विंच आणि टायर ऑफरोडवाल्यांत हातोहात गेले, लिफ्ट किटला मात्र कुणी विचारेना. खरी गोची स्नॉर्कलची. त्यासाठी फेंडर (चाकावरचा पत्रा) कापलेलं असतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर फेंडर मिळालं, पण रंगाची छटा उन्हात वेगळी दिसायची. जो तो विचारी, 'ठोकली होती का?' शेवटी कापलेलं फेंडरच घरात ठेवलं, पुरावा म्हणून. बायकोने त्यावर टॉवेल वाळत घातले, तो भाग निराळा.

वाशीहून : कागदाचं आधी बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आरसीवरच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. दंड एका बदलामागे पाच हजार. गाड्यांना पुढे बुल बार (लोखंडी गार्ड) लावण्यावर केंद्राने २०१७च्या डिसेंबरात बंदी घातली, म्हणजे तुमचा पुढचा बंपर आधी उतरवा. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर चाणाक्ष गिऱ्हाईक हाच विचार करतं, कारण नोंदणीच्या नूतनीकरणाला तिची तपासणी होते.

डोंबिवलीहून : मी असहमत, दादा. सगळं उतरवलंत तर उरते ती जास्त राबवलेली साधी गाडी. मग तुमची का घ्यावी? मी अख्खी विकली, पण मुंबईत नाही. इगतपुरीकडे शेत असलेल्या एका काकांनी घेतली. त्यांनी टायरकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट खाली वाकले. चेसिसवर वेल्डिंगची खूण आहे का, चाकाजवळ गंज आहे का, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) पडतं का. मग डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) प्लग उघडायला लावला : तेल दुधाळ असलं म्हणजे पाणी शिरलंय. किटची बिलं आणि सर्व्हिसची फाईल पाहिल्यावरच भावाचं बोलले. किटचा खर्च पुरता निघाला नाहीच, तो कुणाचाच निघत नाही. पण मुंबईतल्या भावापेक्षा बरंच जास्त मिळालं.

परळहून : एकच. गाडी दलालाकडे 'ठेवून' येऊ नका. माझी एकाने नेली, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या आणि ट्रान्सफर टाकलंच नाही. पाम बीच रोडवर वेगमर्यादा मोडल्याची दंडाची चलानं माझ्या मोबाईलवर येत राहिली. आरसीवर नाव आपलं असेल तर अपघाताची भरपाईही आपल्या गळ्यात पडू शकते, २०१८च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे. चावी दिली त्या वेळेची पावती घ्या, आणि नाव बदललेलं डोळ्यांनी बघा.

ठाण्याहून : ट्रायल देताना शेजारी बसा. आमच्या ह्यांच्या जिप्सीची ट्रायल घ्यायला आलेला मुलगा येऊरच्या चढाकडे निघाला होता. घेतली नाहीच, डिझेलची असती तर घेतली असती म्हणाला. अहो, जिप्सी कधीतरी डिझेलमध्ये आली होती का!

व्ही-क्रॉसवाला : सगळ्यांचे आभार. बंपर आणि विंच उतरवतो, बाकी गाडी आहे तशी नाशिककडच्या ओळखीत दाखवतो. प्लग उघडून तेल आजच बघितलं, स्वच्छ आहे. कॅनॉपी कुणाला हवी असेल तर सांगा, मात्र येऊन उचलावी लागेल. चार माणसं आणा.