सीटी रिपोर्टमध्ये ‘आतड्याची भिंत जाड’ आलंय, पुढे काय?

प्रश्न (धंतोली, नागपूर): बाबांचं वय 58. पोटाच्या सीटीत ‘टर्मिनल इलियमची भिंत 9 मिमी, शेजारी गाठी’ असं लिहिलंय. कॅन्सरच समजायचा का?

उत्तर 1: नाही. टर्मिनल इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग. लहान आतडं नीट फुगलेलं असताना भिंत साधारण 3 मिमीपर्यंत असते, त्यामुळे 9 मिमी सोडून देण्यासारखं नाही. पण मिटलेल्या आतड्याची भिंत उगाच जाड दिसते. तेव्हा आतडं पुरेसं फुगलं होतं का, हे रेडिओलॉजिस्टना विचारा. या जागी आपल्याकडे आधी टीबी आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) डोक्यात येतात, मग लिम्फोमा (लसिका ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) किंवा आतड्याचा कॅन्सर. गाठींचा (म्हणजे सुजलेल्या लसिका ग्रंथींचा) मधला भाग सीटीत काळपट दिसत असेल तर पारडं टीबीकडे झुकतं.

उत्तर 2: नुसत्या सीटीवर निदान ठरत नाही. कोलोनोस्कोपीत दुर्बीण टर्मिनल इलियमपर्यंत नेऊन तुकडे घ्यावे लागतात. चूक इथेच होते: सगळे तुकडे फॉर्मलिनमध्ये (तुकडे टिकवायच्या रसायनात) टाकले की टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, होत नाही. काही तुकडे सलाइनच्या निर्जंतुक डबीत जीन एक्सपर्ट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी पाठवायला आधीच सांगून ठेवा. जीन एक्सपर्ट निगेटिव्ह आला म्हणजे टीबी नाही, असंही नसतं. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात दाखवणार असाल तर नुसता कागद नको, सीटीची सीडी न्या.

उत्तर 3: कळकळीने सांगतो, टीबीची शंका मिटल्याशिवाय क्रोन्स समजून स्टेरॉइड नको, टीबी असेल तर बळावतो. उलट्या, पोट फुगणं, गॅस-शौच बंद, असं झालं तर रात्रीसुद्धा लगेच कॅज्युअल्टीत न्या.