शब्दचर्चा : मेदाचं ‘विघटन’, शब्द एक की दोन?

प्रश्न

पुढची तीन वाक्यं पाहा. ‘उपाशी अवस्थेत मेदपेशीतील मेदाचे विघटन होते. हे विघटन इन्शुलिन थांबवते. विघटनातून ॲसिटिल को-ए मिळते.’ तिन्हीकडे ‘विघटन’ चालेल का? आणि फॅटी ॲसिडसाठी मेदाम्ल, स्निग्धाम्ल, वसाम्ल यांपैकी काय घ्यावं?

प्रतिसाद १

तिसऱ्या वाक्यात नाही चालणार. वाचकाला वाटेल की ॲसिटिल को-ए (दोन कार्बनांचा तुकडा वाहणारा रेणू) मेदपेशीतच लायपेज या विकराच्या (एन्झाइमच्या) हातून तयार होतं. इथे दोन वेगळ्या क्रिया आहेत, जागाही वेगळ्या.

पांढऱ्या मेदपेशीत मेदाचा एकच मोठा थेंब असतो. तो पेशी इतकी व्यापतो की केंद्रक कडेला दाबलं जाऊन चपटं होतं. थेंबात असतात ट्रायग्लिसराइडचे रेणू : एका ग्लिसरॉलला एस्टर बंधांनी जोडलेली तीन मेदाम्लं. लायपेज विकरं हे तीन बंध पाण्याच्या साहाय्याने एकामागून एक तोडतात. मेदाम्लाची कार्बनसाखळी मात्र शाबूत राहते, आणि ऊर्जा अजून काडीचीही मिळालेली नसते. ही पहिली क्रिया, लायपोलिसिस. तिला मी ‘मेदविच्छेदन’ म्हणेन.

मोकळी मेदाम्लं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून हृदय, स्नायू, यकृताकडे जातात. तिथल्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात) साखळी दोन-दोन कार्बनांनी कापली जाते. ही दुसरी क्रिया, म्हणजे ‘मेदाम्लांचे बीटा-ऑक्सिडीकरण’. ॲसिटिल को-ए इथे मिळतं.

प्रतिसाद २

सहमत. हा भेद नुसता शब्दांचा कीस नाही, कारण बिघाडही वेगवेगळे होतात. इन्शुलिन नसेल तर मेदविच्छेदनाला लगाम राहत नाही. यकृतात मेदाम्लांचा लोंढा येतो, ॲसिटिल को-एपासून कीटोन पदार्थ भरमसाट बनतात आणि रक्ताची आम्लता वाढते. उलट कार्निटिनच्या कमतरतेत मेदविच्छेदन बिनदिक्कत चालू असतं, पण लांब साखळीची मेदाम्लं तंतुकणिकेच्या आतल्या आवरणातून पलीकडे जाऊ शकत नाहीत, कारण त्यांना कार्निटिनची होडी लागते. मग उपाशीपणी साखर उतरते आणि कीटोनही अपेक्षेइतके वाढत नाहीत. दोन्हींना ‘मेदाच्या विघटनातील दोष’ म्हटलं तर विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही.

(८ ते १० कार्बनांच्या मध्यम साखळीला बहुतांशी ही होडी लागत नाही. म्हणून ‘सर्व मेदाम्लांना कार्निटिन लागते’ असं लिहू नका.)

प्रतिसाद ३

‘बीटा’ तसंच ठेवा, भाषांतर नको. आम्लगटाला लागून असलेला कार्बन अल्फा, त्याच्या पुढचा बीटा. ऑक्सिडीकरण या बीटा कार्बनवर होतं आणि साखळी अल्फा-बीटांच्या मधोमध तुटते. फ्रान्झ क्नूप यांनी १९०४ मध्ये मेदाम्लांच्या शेपटाला फिनाइल गट (शरीरात न तुटणारी खूण) जोडून ती कुत्र्यांना खाऊ घातली आणि मूत्रात काय उतरतं ते पाहिलं. साखळीतल्या कार्बनांची संख्या विषम असेल तर बेंझॉइक आम्लाचं संयुग, सम असेल तर फिनाइल ॲसेटिक आम्लाचं. एकेक कार्बन कापला जात असता तर सम-विषम हा फरक उरलाच नसता. तुकडे दोन-दोनांचेच पडतात, हे यातून कळलं.

फेरीतले चार टप्पे मराठीत सरळ सांगता येतात : हायड्रोजन काढणे, पाणी जोडणे, पुन्हा हायड्रोजन काढणे, साखळी तोडणे. पामिटिक या मेदाम्लात १६ कार्बन, म्हणून फेऱ्या ७ आणि ॲसिटिल को-ए ८. ‘१६ भागिले २ म्हणजे ८ फेऱ्या’ ही चूक वारंवार दिसते. शेवटच्या कापात दोन तुकडे एकदमच मिळतात.

त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या आकड्यांचंही तेच. जुन्या पुस्तकांत १२९ एटीपी (पेशीचं ऊर्जाचलन), नव्यांत १०६. काढलेला हायड्रोजन वाहणाऱ्या एनएडीएचला ३ ऐवजी २.५ आणि एफएडीएच२ला २ ऐवजी १.५ एटीपी धरल्यामुळे हा फरक पडला. नवा हिशेब : ७ फेऱ्या × ४ = २८, अधिक ८ ॲसिटिल को-ए × १० = ८०, एकूण १०८; मेदाम्ल कार्यप्रवण करायला लागणारे २ वजा. खर्च होतो एकच एटीपी, पण तो थेट एएमपीपर्यंत (एकच फॉस्फेट उरेपर्यंत) तुटतो म्हणून दोन धरतात.

प्रतिसाद ४

नावाबद्दल. ‘मेदाम्ल’ घ्या. ‘वसाम्ल’ चुकीचं नाही, जुन्या परिभाषेत आहेच. पण आयुर्वेदात मेद हा सात धातूंपैकी एक आणि वसा म्हणजे मांसातला स्नेह, असा भेद आहे. शिवाय आजच्या वाचकाला ‘वसा’ म्हटलं की घेतलेलं व्रत आठवतं. ‘स्निग्धाम्ल’ अर्थाला ठीक, पण मग मेदपेशी, मेदऊती यांच्याशी नातं तुटतं.

‘चरबी वितळते’ हे मात्र शास्त्रीय लेखनात नको. वितळणं म्हणजे घनाचा द्रव होणं, आणि तो थेंब शरीराच्या तापमानाला आधीच द्रव असतो. ‘जळते’ हे त्यापेक्षा खरं आहे : ऑक्सिजन लागतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. १० किलो मेद पूर्ण ऑक्सिडीकृत झाला तर सुमारे ८.४ किलो वस्तुमान कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातं, बाकी १.६ किलो पाणी.

प्रश्नकर्ता

मग असं लिहितो : ‘उपाशी अवस्थेत मेदपेशीत मेदविच्छेदन होते, इन्शुलिन ते रोखते. मोकळी झालेली मेदाम्ले इतर पेशींच्या तंतुकणिकांत जातात आणि बीटा-ऑक्सिडीकरणातून ॲसिटिल को-ए मिळते. त्यातून गरजेप्रमाणे ग्लुकोज बनते.’

प्रतिसाद २

शेवटचं वाक्य काढा. ॲसिटिल को-एपासून माणसाच्या शरीरात निव्वळ ग्लुकोज बनत नाही. ग्लुकोज तुटून बनणाऱ्या पायरुवेटपासून ॲसिटिल को-ए होतं, उलट वाट बंद आहे. मेदातून ग्लुकोज बनतं ते मेदविच्छेदनात सुटलेल्या ग्लिसरॉलपासून, मुख्यतः यकृतात. विषम कार्बनांच्या मेदाम्लांतले शेवटचे तीन कार्बन तेवढे अपवाद. दुसरं, ‘इतर पेशींच्या’ याऐवजी ‘हृदय, स्नायू, यकृत यांच्या’ लिहा. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिकाच नसतात आणि मेंदू मेदाम्लांवर फारसा चालत नाही.