भांडण खाली, संसार वर

'युद्ध पेटलं की विज्ञानातली मैत्री पहिली तुटते' हे सरसकट पटत नाही. युक्रेनवर हल्ला होऊन महिना उलटला होता, आणि ३० मार्च २०२२ रोजी अमेरिकेचे अंतराळवीर मार्क वांडे हाय ३५५ दिवस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात काढून कझाकस्तानात उतरले. तेही रशियाच्या सोयुझ यानातून, दोन रशियनांच्या शेजारी बसून. यात प्रेमबिम काही नाही हो. स्थानकाची कक्षा राखायला मुख्यतः रशियन भागाची इंजिनं लागतात, आणि त्या भागाला बरीचशी वीज अमेरिकी सौरपंखांतून मिळते. घटस्फोट घ्यायचा तर घरच मोडावं लागेल!

अर्थात राष्ट्रवाद तिथेही आहेच. २०११ पासून अमेरिकी कायद्याने नासाला चीनशी थेट सहकार्य करायला आडकाठी घातलीय. चीनने स्वतःचं तियानगोंग हे अंतराळ स्थानक उभारलं.