अनुभव धागा: 'मला नाही जमत' म्हणणारी मुलं आणि आपण

समांतर_रेषा
काल बहिणीचा फोन आला. नववीतल्या भाच्याने चाचणीला कोरा पेपर दिला म्हणून तिला शाळेत बोलावलंय. ती रडकुंडीला आलेली, आणि मला मात्र माझ्या वर्गातला एक मुलगा आठवत बसला. तोही कोराच द्यायचा. कोरा म्हणजे कसा, तर नाव, हजेरी क्रमांक, तारीख सगळं सुवाच्य. समास पट्टीने आखलेला. 'प्रश्न १ ला' लिहून खाली दुहेरी रेघ. त्यापुढे ठिपकासुद्धा नाही. ज्याला कशाचंच काही पडलेलं नाही तो समास कशाला आखेल?

स्टाफरूममध्ये त्याला 'दगड' म्हणायचे. गणित सोडव म्हटलं की हात खिशात. मग मी मुद्दाम चुका पेरलेली, सोडवून ठेवलेली समीकरणं त्याच्यापुढे टाकली. म्हटलं, सोडवू नकोस, कुठे चुकलंय तेवढं दाखव. कंस सोडताना चिन्ह बदललं नव्हतं, तिथे गोल. एकाच बाजूला भागलं होतं, तिथे गोल. आणि एका ठिकाणी बारीक अक्षरात, 'हे बरोबर आहे पण लांबून गेलंय'.

येत होतं की त्याला! स्वतःचं उत्तर चुकेल याची धास्ती होती. कोऱ्या पेपरात चूक सापडत नाही.

चमत्कार वगैरे झाला नाही. गणितात जेमतेम पास व्हायला लागला, इतिहासाचा पेपर शेवटपर्यंत कोराच. पण 'आधी गोडी लावा, मग मूल अभ्यास करेल' हे ऐकलं की मला तो आठवतो. मी पाहिलंय ते उलट. आधी काहीतरी जमतं, गोडी मागाहून येते. आली तर.

तुम्ही लिहा. शिक्षक, पालक, आणि जे स्वतः अशी मुलं होते ते तर नक्कीच.

मागचा_बाक
हजर बाई!

मागचा_बाक
आता नीट लिहितो. मी तो मुलगा. दहावीचं अख्खं वर्ष वर्गात झोपून काढलं. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे रात्री कामाला जायचो. शाळेत कुणालाच माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलं नव्हतं. उठवायचे, उभं करायचे, मी उभ्याउभ्या पेंगायचो. सगळ्यांना वाटायचं उद्धट आहे. मलाही ते बरं वाटायचं, उद्धट म्हटलेलं चालतं, कीव नको. एका सरांनी फक्त एवढंच केलं की पहिल्या तासाला मला उठवायचे नाहीत, आणि मधल्या सुट्टीत त्या तासाची वही माझ्या बाकावर आलेली असायची. कुणाची होती ते आजतागायत कळलं नाही. अक्षर भयंकर होतं.

निशिगंधा
वाचून गलबललं. नंतर सविस्तर लिहिते, मशीनमधले कपडे काढायचेत.

काटकोन
समांतरताई, चुका शोधायला देण्याची युक्ती ढापतोय. परवानगी गृहीत धरली आहे.

माझं तारांकित प्रकरण ऐका. आमच्याकडे वर्गात तक्ता लावला होता, गृहपाठ केला की तारा, अमुक तारे झाले की बक्षीस. पहिले काही दिवस झुंबड. मग मुलं तक्ता बघूनच ठरवायला लागली की आज करायचा का नाही. आणि जी पोरं आधी विनातारा करायची तीसुद्धा विचारायला लागली, 'सर, याचा तारा आहे का?' तक्ता उतरवला तर गृहपाठही उतरला.

यावर १९७३ सालचा प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा. बालवाडीतली, हौसेने चित्रं काढणारी मुलं. काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात याच मुलांनी चित्रांकडे कमी लक्ष दिलं. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालं त्यांची हौस मात्र शाबूत.

खडूची_पूड
काटकोन सर, प्रयोग ठीक आहे, पण ती पोरं मुळात हौशी होती. माझ्या वर्गातल्या ज्या पठ्ठ्याला शून्य हौस आहे त्याची कमी काय होणार? त्याला निदान ताऱ्यासाठी तरी वही उघडू दे.

काटकोन
मुद्दा मान्य. सुरुवातीचा धक्का म्हणून चालेल. पण तारा काढायचा कधी हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर जन्मभर तारे वाटत बसाल.

तिरपी_रेघ
मॉनिटरचा अनुभव कुणाला आहे का? 'सगळ्यात द्वाड मुलाला मॉनिटर करा, सुधारतो' हा सल्ला मला इतक्यांनी दिला की शेवटी केला. साहेबांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिली, पुसायची असतील तर त्यांचा गृहपाठ करून द्या असा दर लावला. एक समांतर सरकार. वर्ग इतका शांत की मुख्याध्यापक येऊन माझं कौतुक करून गेले.

मागचा_बाक
😂😂 हा मुलगा पुढे काय झाला ते कळवा.

तिरपी_रेघ
हिशेबात पक्का होता, एवढं सांगते.

जास्वंद
मी विशेष शिक्षिका आहे. एक मुलगी सांगते. भाषेच्या तासाला पाळीपाळीने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा असायचा. तिच्या दोन बाक आधी पाळी आली की हमखास राडा. कंपास फेकली, शेजारणीला चिमटा काढला, बाईंना उलट बोलली. मग 'बाहेर उभी राहा'. रोज. बाई वैतागलेल्या, की माझ्याच तासाला हिला काय होतं. मी मागे बसून पाहिलं तेव्हा दिसलं की ती तास सुरू होताच डोकी मोजते, बोट परिच्छेदांवर फिरवते, आपल्या वाट्याचा कुठला ते काढते. आणि मग वेळेवर बाहेर जाण्याची सोय करते.

तिला वाचताच येत नव्हतं. चाचणीत वाचन-अक्षमता निघाली, म्हणजे डिस्लेक्सिया. इतकी वर्षं निव्वळ कानावर काढली होती. कविता एकदा ऐकली की पाठ. वर्गासमोर 'ढ' ठरण्यापेक्षा 'वांड' ठरलेलं तिला परवडत होतं. परीक्षेला जादा वेळ आणि प्रश्न वाचून दाखवणारं माणूस मिळालं, पण त्याआधी एक साधी गोष्ट केली. पाळी बंद. कुठला उतारा वाचायचा ते तिला आदल्या दिवशी सांगायचं. राडे त्याच आठवड्यात ओसरले, वाचन सुधारायला मात्र खूप काळ गेला.

समांतर_रेषा
जास्वंद, डोकी मोजते हे वाचून काटा आला. किती कष्ट आहेत त्यात!

खडूची_पूड
हे सगळं छान आहे हो. पण वर्गात पन्नास-साठ मुलं, वर माहिती भरायची, तक्ते पाठवायचे, बदली तास घ्यायचे. एकेकाचं बोट कुठल्या परिच्छेदावर फिरतंय ते कोण बघणार? आणि एक अप्रिय बोलतो. प्रत्येक न शिकणाऱ्या मुलाच्या पाठीमागे दुःखद कहाणी नसते. काहींना सरळ कंटाळा असतो. मला होता. आपण विषय रटाळ शिकवतो हीसुद्धा शक्यता आहेच की.

तिरपी_रेघ
शेवटच्या वाक्याला अनुमोदन. (हलके घ्या.)

निशिगंधा
आले परत. मी शिक्षक नाही, पालक. लेक पंधराची. सकाळी उठवणं म्हणजे युद्ध. आळशी आळशी म्हणून आम्ही दोघं तिच्यामागे. डॉक्टरांनी सांगितलं की या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवतं, त्यामुळे लवकर झोप म्हटलं तरी झोप लागत नाही. झोप मात्र आठ ते दहा तास हवी. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच सांगितलंय की या वयाच्या शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत. आता शाळेची वेळ काही माझ्या हातात नाही. पण तिला पहिल्या तासाला काही कळत नाही याचा माझ्यापुरता उलगडा झाला. रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचा ठरलंय. आमचेही. सगळ्यात जास्त त्रास तिच्या बाबांना होतोय.

काटकोन
बाबांना माझी सहानुभूती कळवा.

ओळख_नको
इथे प्रथमच लिहितेय. मी शाळेत समुपदेशक आहे. वरचे किस्से वाचताना मजा येतेय, पण एक वेगळं सांगावंसं वाटतं. अभ्यासात कधीच रस नसलेलं मूल आणि ज्याचा रस अचानक गेला ते मूल, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याकडे जास्त लक्ष द्या. मित्रांपासून तुटलेली, उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, निबंधात 'मी नसले तर' छापाची वाक्यं. अशा वेळी प्रेरणादायी भाषण नको. बाजूला घेऊन सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने डोक्यात विचार भरवला जातो ही भीती खरी नाही, अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. सांगावं लागतं. 'ज्यांना कळणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन आणि तुला आधी कल्पना देऊन सांगेन' हे म्हणता येतं. धोका वाटला तर मुलाला एकटं सोडू नका, लगेच मदत मिळवा. शिक्षकाने हे एकट्याने पेलायचं नसतं.

समांतर_रेषा
ओळख_नको, बरं झालं लिहिलंत. बहिणीला हे असंच्या असं पाठवतेय.

जास्वंद
+१. मोठ्या अक्षरात छापून स्टाफरूममध्ये लावावं असं आहे.

शब्दखूण
मी नव्या वर्गावर जाताना आधीच्या वर्गशिक्षकांकडून 'कोण कसं आहे' ही यादी घेत नाही. कोरं मन बरं. १९६८ सालचा रोझेंथल-जेकबसन यांचा अभ्यास डी.एड.ला होता ना, चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलं निवडली आणि शिक्षकांना सांगितलं की ही यंदा चमकणार. आणि वर्षअखेरीस ती खरंच इतरांपेक्षा पुढे गेलेली दिसली.

जास्वंद
शब्दखूण, यादी घ्याच! 'मस्तीखोर, कामचुकार' त्यातून खोडा. पण 'डाव्या कानाने कमी ऐकू येतं', 'फळा दिसत नाही पण चष्मा घालत नाही' हेही त्याच यादीत असतं. मी अशी मुलं पाहिलीत ज्यांना वर्षभर 'दुर्लक्ष करतो' म्हणून शिक्षा झाली. आणि त्या अभ्यासातला फरक ठळक दिसला तो पहिली-दुसरीत. वरच्या वर्गांत नाही.

शब्दखूण
हं. पटलं. यादी घेतो, विशेषणं सोडून.

अवांतर: समांतर_रेषा म्हणजे तुम्ही त्या जुन्या भूमितीच्या धाग्यावरच्या का? वर्तुळावरून भांडण झालं होतं तो?

समांतर_रेषा
त्याच. आणि मीच बरोबर होते.

निशिगंधा
एक विचारू का, प्रश्न विचारल्यावर लेक गप्पच बसते, बाई लगेच पुढच्या मुलीकडे वळतात. पालकसभेत 'सहभाग नाही' असा शेरा. काय सांगू त्यांना?

शब्दखूण
थांबायला सांगा. विनोद नाही. मेरी बड रो या बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली, तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद फार वाटत नाहीत, पण वर्गासमोर उभं राहून शांत राहून बघा, घाम फुटतो. मी मनात पाढा म्हणतो. बाईंना मात्र हे सगळं ऐकवू नका, 'तिला जरा वेळ लागतो, थांबाल का' एवढंच म्हणा.

तिरपी_रेघ
पालकसभेवरून आठवलं. मी घरी फोन करते, काही चांगलं घडलं असेल तर. एका मुलाच्या आईला केला, 'आज त्याने प्रयोगवहीतली आकृती इतकी सुबक काढली.' पलीकडे शांतता. मग, 'बरं, पण केलंय काय त्याने?' तीनदा सांगितलं की तक्रार नाही. शेवटी म्हणाली, 'बाई, फोन ठेवू का? भरपाई किती ते उद्या सांगा.'

मागचा_बाक
माझी आईही हेच म्हणाली असती.

काटकोन
खडूची_पूड, वेळ नाही हे खरंच. पण साठांसाठी करूच नका, एकासाठी करा. रेमंड व्लोडकोव्स्की यांच्या नावावर एक रीत सांगतात: सगळ्यात अवघड एकच मूल निवडायचं, रोज दोन मिनिटं, सलग दहा दिवस, अभ्यास सोडून कशावरही बोलायचं. उपदेश नाही, 'वही कुठाय' नाही. मुलाला काय आवडतं तेवढंच. एक पोरगा मला दहा दिवस सायकलच्या गिअरबद्दल शिकवत होता. अकराव्या दिवशी मी गुणोत्तर-प्रमाण काढलं तर म्हणाला, हे तर गिअरचंच आहे. नंतर त्याच धड्यातल्या व्याजावर आलो तेव्हा परत खिडकीबाहेर बघायला लागला, तो भाग वेगळा.

खडूची_पूड
बघतो. करायला काय जातंय.

निशिगंधा
व्याज मलाही कधी कळलं नाही.

खडूची_पूड
सांगायला आलो. केलं आज सुरू. तोच शून्य हौसवाला. मधल्या सुट्टीत शेजारी जाऊन बसलो, विचारलं, काय रे, शाळा सुटल्यावर काय करतोस. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी थांबलो, पाढा म्हणत. मग म्हणाला, 'सर, तुम्हाला आज काही काम नाहीये का?'

मागचा_बाक
🤣🤣🤣 हा माझ्याच गादीचा वारस.

काटकोन
बोलला ना पण! उद्या परत जा.

खडूची_पूड
उद्या रविवार आहे हो सर.