'के' दिसला की ९ गुणिले १० चा ९ वा घात? बारावीच्या भाच्याने डोकं खाल्लंय

देवगडकर_मामा:
मंडळी नमस्कार. भाचा बारावीला आहे, आंब्याचा सीझन आटोपला की संध्याकाळी मीच त्याला फिजिक्स घेऊन बसतो (माझं बीएस्सी होऊन २५ वर्षं झाली, त्यामुळे तो मला शिकवतो म्हणा हवं तर). तर कूलंबचा नियम (दोन चार्जमधल्या बलाचा) पुस्तकात 'एक भागिले चार पाय (π) एप्सिलॉन नॉट' असा आहे, क्लासच्या नोट्समध्ये नुसता के (तोच ९ गुणिले १० चा ९ वा घात), आणि माळ्यावर ट्रंकेत काकांचं जुनं पुस्तक सापडलं, वाळवीने अर्धं खाल्लेलं, त्यात तर काहीच नाही, चार्ज गुणिले चार्ज भागिले अंतराचा वर्ग, खलास. तिन्ही बरोबर कसे? आणि काल तर कहर झाला, कपॅसिटरच्या गणितात डायइलेक्ट्रिकचा (दोन प्लेटींमधल्या पदार्थाचा) के ५ दिलेला असताना ह्याने त्या जागी ९ गुणिले १० चा ९ वा घात घातला, का तर "मामा, के दिसला". प्लेट एक चौरस सेंटिमीटर, अंतर एक मिलिमीटर, उत्तर आठ मिलिफॅराड. त्याला काही वाटलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही नाही.

वायरमन_मालवण:
आठ मिलि?? मामानू, घरातल्या पंख्याचो कपॅसिटर अडीच मायक्रोचो असता. भाच्यान नखाएवढ्या प्लेटीत तीन हजारावर पंखे बसवल्यान 😂

निवृत्त_मास्तर:
वायरमनने बरोबर पकडलं, खरं उत्तर साडेचार पिकोफॅराडच्या आतबाहेर आहे. आता तिन्ही सूत्रं. काकांचं पुस्तक सीजीएसवालं, म्हणजे सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीचं. त्यात चार्जचं एककच असं ठरवलंय की एक सेंटिमीटरवरचे दोन एकक चार्ज एकमेकांना एक डाइनने (त्या पद्धतीतलं बलाचं एकक) ढकलणार, म्हणजे कॉन्स्टंट झाला १, मग तो लिहायचा कशाला. एसआयमध्ये, म्हणजे आजच्या मीटर-किलोग्रॅमवाल्या पद्धतीत, कूलंब अँपियरवरून येतो, मीटर न्यूटन आधीच ठरलेले, त्यांचा मेळ घालायला के लागतो. आणि तो ९ आकाशातून पडलेला नाही हं, प्रकाशाच्या वेगाच्या ३ चा वर्ग आहे तो, वेगाचा वर्ग करा आणि १० चा उणे ७ वा घात लावा, के हातात.

राहिले चार पाय. हे ठेवायचे कुठे यावरच जुनं भांडण आहे. हेविसाइड म्हणून तारयंत्रावर काम केलेला एक माणूस होता, त्याचं म्हणणं जिथे गोल आहे तिथे चार पाय येऊ देत, सपाट प्लेटीत त्याचं काय काम? काकांच्या पुस्तकात सपाट प्लेटच्या कपॅसिटरचं सूत्र काढा, तिथे खाली चार पाय बसलेला दिसेल. एसआयने तो तिथून उचलून कूलंबच्या नियमात टाकला.

अक्षरांचं म्हणाल तर के बिचारा सगळीकडे राबतो, स्प्रिंग, बोल्ट्झमन, वेव्ह नंबर. अहो आइन्स्टाइननेसुद्धा १९०५ मध्ये प्रकाशाच्या वेगाला सी नाही, व्ही लिहिलंय. भाच्याला सांगा, कूलंबच्या के खाली बारीक ई लिही आणि डायइलेक्ट्रिकला एप्सिलॉन आर. त्याला एकक नसतं आणि कूलंबच्या के ला न्यूटन मीटर वर्ग प्रति कूलंब वर्ग असं लांबलचक असतं, आकड्यासोबत एकक लिहिलं असतं तर तिथेच अडकला असता.

पावसातला_बेडूक:
मास्तर एक भर घालतो, तो १० चा उणे ७ वा घात आता तंतोतंत राहिलेला नाही. आधी अँपियरची व्याख्याच अशी होती की एक मीटर अंतरावरच्या दोन तारांमध्ये दर मीटरला २ गुणिले १० चा उणे ७ वा घात न्यूटन बल, त्यामुळे म्यू नॉट (चुंबकत्वाचा कॉन्स्टंट, मास्तरांचा उणे ७ वा घात त्यातूनच येतो) आपोआप चार पाय गुणिले १० चा उणे ७ वा घात, मोजायचा प्रश्नच नाही. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनचा चार्ज फिक्स केला (१.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलंब) आणि म्यू नॉट, एप्सिलॉन नॉट दोघेही मोजायच्या यादीत गेले. प्रकाशाचा वेग मात्र १९८३ पासून फिक्सच, २९९७९२४५८ मीटर प्रति सेकंद.

देवगडकर_मामा:
म्हणजे पेपरात म्यू नॉटला ते चार पायवालं लिहिलं तर मार्क जाणार??

पावसातला_बेडूक:
छे हो. पहिले नऊदहा आकडे तेच आहेत. बिनधास्त लिहू दे.

देवगडकर_मामा:
पंख्याचं सांगितल्यावर भाच्याने स्वतःहून गणित परत केलं, ४.४ पिको आलं, आणि मग विचारतो "मामा, नॉट म्हणजे नाही ना? मग एप्सिलॉन नाही म्हणजे काय?" कपाळ. शून्य म्हणून सांगितलंय. मास्तर, ते पान सापडलं. ए भागिले चार पाय डी आहे खरं. वाळवीने फक्त डी खाल्लाय.