मदत हवी आहे : गेजच्या रजिस्टरमधल्या रिकाम्या पानांचं काय करू?

नमस्कार मंडळी. भोसरीतल्या आमच्या कारखान्यात हॉपरची लेव्हल बघायला दोन सीझियम-१३७ गेज (किरणोत्सर्गी सोर्स असलेली मापन-यंत्रं) आहेत. जुने आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी) निवृत्त झाले आणि महिन्याभरापूर्वी ती टोपी माझ्या डोक्यावर आली. सर्टिफिकेट आहे, एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवर नावही लागलंय. पण कपाट उघडलं तर सर्व्हे रजिस्टरची (गेजभोवतीच्या किरणोत्सर्गाची रीडिंग लिहायच्या वहीची) चार महिन्यांची पानं कोरी! टीएलडी बॅजचे (कामगाराला किती किरणोत्सर्ग लागला ते मोजणाऱ्या बिल्ल्यांचे) रिपोर्ट तेवढे फाइलला आहेत. सोर्स जागेवर आहेत, नंबर टॉर्च लावून स्वतः ताडून पाहिले (ग्रीस पुसायलाच अर्धा तास गेला).

साहेब म्हणतात, "मागच्या तारखा टाकून भरून टाक." मी नाही म्हटलं. जे रीडिंग घेतलंच नाही ते लिहायचं कसं?

एईआरबीला सेफ्टी स्टेटस रिपोर्ट पाठवताना ही त्रुटी आपणहून कळवावी का? सोर्स हरवला किंवा अपघात झाला तर २४ तासांत कळवायचं असतं, हे ठाऊक आहे. पण नुसत्या नोंदी राहिल्या असतील तर? चाकण-पिंपरीकडे कुणी यातून गेलं असेल तर पत्राचा मसुदा कसा केला ते सांगा. शिवाय सर्व्हे मीटरचं कॅलिब्रेशनही संपलंय, ते आधी करून घेऊ ना?