झटका कुंपणाची खालची तार आणि खवले मांजर

सडा:
आंबा-काजूच्या बागेला सौर झटका मशीन लावताना सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभरावर ओढतात. डुक्कर अडतं खरं, पण ती तार खवले मांजराचा जीव घेऊ शकते. झटका साधारण सेकंदाला एकदा येतो. दुसरं जनावर तेवढ्या वेळात मागे सरतं. हे मात्र भ्यालं की पळत नाही, वेटोळं करतं. पोटाखाली खवले नसतात, तिथे तार लागली तर तारेसकट वेटोळं. मग दर झटक्याला मिठी आणखी घट्ट. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या जातीचे असे मृत्यू नोंदले गेलेत. आपली जात वेगळी, खोड तीच. माझं मत: खालच्या तारेत करंट नको.

हापूसवाला:
मग कुंपण शोभेला ठेवायचं का? डुक्कर माती उकरून खालूनच घुसतं, झटका नाकाला बसायला हवा. ‘रात्री मशीन बंद ठेवा’ हा सल्लाही नको. वानर दिवसा येतात, डुक्कर रात्री, आणि खवले मांजरही रात्रीच. त्याचा खरा वैरी शिकारी. 2016 मध्ये साइट्स (वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत खवले मांजराच्या आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करायचं ठरलं, 2020 मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले काढले, तरी तस्करी चालूच. ते सोडून बागायतदाराच्या तारा कसल्या मोजता?

रातवा:
शिकारी मोठा धोका, मान्य. पण मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते, त्यामुळे तारेवर गेलेलं जनावर लवकर भरून निघत नाही. आणि ते बागेत येणारच. तोंडात दात नाहीत. वारूळ नखांनी फोडायचं आणि चिकट जिभेने वाळवी, मुंग्या, त्यांची अंडी टिपायची, हाच आहार. पालापाचोळा, सुकी खोडं, गडग्यातल्या (दगडी कुंपणातल्या) मुंग्या, सगळं बागेतच. रत्नागिरी जिल्ह्यात तर बहुतेक जंगल खासगी, म्हणजे ‘जंगलात जपा’ म्हटलं तरी ते कुणाच्या तरी सातबाऱ्यावरच.

उपाय जोडणीत आहे. खालची तार मशीनच्या अर्थला (अर्थिंगच्या टोकाला) जोडा, तिच्यावर वीतभर अंतराने करंटची. डुक्कर मुसंडी मारताना दोन्हींना लागतं, झटका बसतो. नुसत्या खालच्या तारेला लागलं तर बसत नाही. शिवाय कातळावर मे महिन्यात जमीन ठणठणीत कोरडी, जमिनीतून अर्थ मिळत नाही, म्हणून झटका लुळा पडतो. अर्थची तार सोबत असली की तो प्रश्नही मिटतो.

हापूसवाला:
कागदावर छान. पावसात गवत वाढून दोन्ही तारा एक करतं, करंट गळतो, बॅटरी पहाटेपर्यंत उतरते. गवत काढायला माणूस कुठून आणायचा?

सडा:
अहो, आत्ता वीतभरावर करंट आहे, गवत आधी त्यालाच भिडतंय. नव्या जोडणीत करंट दोन वितींवर गेला, म्हणजे उलट दोन बेणण्यांमध्ये (गवत काढण्यांमध्ये) जास्त दिवस मिळतील. बेणणं चुकत नाही, तेवढं खरं.

चिरा:
गडगा धड असेल तर खालच्या तारेची गरजच नाही. ढासळलेले चिरे बसवा, वर दोन तारा वानरांसाठी. फक्त खवले मांजर चढण्यात पटाईत, तेव्हा पहिली तार गडग्याच्या डोक्याला चिकटून नको. आणि मशीनशिवाय थेट घरची लाईन तारेत सोडणारे या चर्चेत नकोतच, त्यात माणसंही मरतात.

रातवा:
अडकलेलं दिसलं तर आधी मशीन बंद. वेटोळं ओढून उघडू नका, पाणी-खाणं तोंडाशी धरू नका, गोणत्यात भरू नका: ते फाडतं, नाहीतर आत गुदमरतं. भोकं पाडलेलं झाकणाचं पिंप सावलीत ठेवा आणि वनखात्याला 1926 वर कळवा. जखम नसेल तर त्याच रात्री तिथेच सोडण्याचा आग्रह धरा. लांबच्या जंगलात त्याची बिळं नाहीत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, घरी ठेवायचा नाही. जागेसकट फोटो ग्रुपवर टाकणं म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणं.

हापूसवाला:
फोटोचं पटलं. जोडणीचं वहाळाकडच्या एका बाजूला करून बघण्यासारखं आहे, तार नवी लागत नाही. पण डुकराची पिल्लं खालच्या तारेखालून गेली तर?

सडा:
तिथे खालची तार चार बोटांवर आणा. तिच्यात करंट नाही, मातीला टेकली तरी बिघडत नाही.